सहानुभूतीचं प्रमाणपत्र कुणी द्यायचं?

भावनिक बुद्धिमत्ता हल्ली दोन दिवसांच्या कार्यशाळेत मिळते. रिसॉर्टवर नेलेले टीम लीड प्रश्नावली भरतात, 'मी इतरांच्या भावना ओळखतो' यापुढे 'नेहमी'वर खूण करतात आणि नेतृत्वासाठी लायक ठरतात. एचआरवाले म्हणतात, नेता भावनांकावर (भावनिक बुद्धिमत्तेच्या मापावर) घडतो आणि भावनांक मोजता येतो.

माप मात्र खोटं आहे. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० साली ही संकल्पना मांडली ती क्षमता म्हणून: भावना ओळखणं, समजणं, हाताळणं. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने त्यात चिकाटी, उत्साह असे स्वभावगुणही घातले आणि बाजाराने ती ऐसपैस यादी उचलली. क्षमता माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगायची नसते. स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा म्हटलं, तर तुसडा साहेबही पहिल्या वर्गात पास होतो.

हाच साहेब अप्रेझलला बसतो. बेल कर्व्हच्या नियमाने कुणाला तरी तळाला टाकायचंच असतं. समोरची मुलगी विचारते, "सर, वर्षभर एकही डेडलाइन चुकली नाही, मग रेटिंग का घसरलं?" तो कार्यशाळेत शिकवल्याप्रमाणे मान हलवतो, "मी समजू शकतो," म्हणतो. रेटिंग तेच राहतं. या गोडव्याने तिचा अपमान दुप्पट होतो.

पण म्हणून 'भावना घरी ठेवा, काम बघा' म्हणणाऱ्यांचंही खरं नाही. गूगलने 'प्रोजेक्ट ऑक्सिजन' या अभ्यासातून चांगल्या मॅनेजरचे आठ गुण शोधले. हाताखालच्यांना घडवणं पहिलं आलं, तांत्रिक ज्ञान आठवं. तेही इंजिनिअरांच्या कंपनीत! शिवाय तिथे मॅनेजरबद्दलचं मत हाताखालच्यांनाही विचारलं होतं. खरी मेख इथेच आहे.

भावनिक समज वाढते, पण कामाच्या जागीच. अवघड बोलणी करताना अनुभवी वरिष्ठाने शेजारी बसावं, नंतर चुका दाखवाव्यात. हाताखालच्यांनी नाव न देता दिलेलं मत बढतीच्या निर्णयात धरावं. आणि मॅनेजरला रजा देण्याचा, कामाचा बोजा हलवण्याचा, अन्यायाचं रेटिंग बदलण्याचा अधिकार द्यावा. अधिकार नसलेली सहानुभूती म्हणजे नुसती बोलाची कढी. एवढी तयारी नसेल, तर कंपन्यांनी रिसॉर्टचं बुकिंग रद्द करावं आणि ते पैसे कर्मचाऱ्यांच्या बोनसमध्ये घालावेत.