बोलायचे थांबले की बोलायला थांबले?

शाळा सुटल्यावर कचेरीत बसून हजेरीचा गोषवारा पुरा करणे हा आम्हां मुख्याध्यापकांचा नित्याचा उद्योग. गेल्या महिन्यात एका सायंकाळी आम्ही असेच बसलो असता आमचा एक जुना विद्यार्थी दाराशी येऊन उभा राहिला. शहापुरात त्याचे कापडाचे दुकान आहे. स्वतः तो आमच्या सरकारी मराठी शाळेत शिकला. मुलीला मात्र त्याने इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले आहे. बेळगावात ही गोष्ट आता इतकी सर्रास झाली आहे की, तिच्याबद्दल आम्ही मनात राग धरीत नाही.

त्याच्या हाती मुलीची निबंधाची वही होती. ती आमच्यापुढे ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, जरा बघा की. बाईंनी शेरा लिहिलाय, घरात इंग्रजीच बोला म्हणून. दोन महिने झाले, संध्याकाळी आम्ही मराठी बंद केलंय. तरी चुका आहेत त्या आहेतच. आता सकाळचंही बंद करावं काय?"

आम्ही वही उघडली. निबंधाचा विषय होता 'माझे आजोबा'. अक्षर नेटके आणि मजकूर जिव्हाळ्याचा होता. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होते : 'नाऊ माय ग्रँडफादर हॅज स्टॉप्ड टु टॉक.' त्यातील 'टु टॉक' या शब्दांखाली तांबडी रेघ ओढून वर 'टॉकिंग' असे लिहिले होते. असे का, ते मात्र कोठेच लिहिलेले नव्हते.

"आजोबा बोलत नाहीत का रे?" आम्ही विचारले.

तो जरा चाचरला. "त्यांना इंग्रजी येत नाही ना, गुरुजी. संध्याकाळी आम्ही सगळे बाहेर बसतो, ते आपले आतल्या खोलीत जाऊन बसतात."

वाचकहो, त्या एका वाक्यात व्याकरणाचा प्रश्न होता आणि घराचाही. क्रमाने दोन्हींचा विचार करू.

इंग्रजीत क्रियापदाला 'इंग' लावून जे रूप सिद्ध होते ते पुष्कळदा नामाचे काम करते. अशा नामाला इंग्रजी व्याकरणात 'जेरंड' म्हणतात. आपल्याकडे याचा सख्खा भाऊ म्हणजे 'णे' हा प्रत्यय लागून झालेले धातुसाधित नाम. 'पोहणे हा उत्तम व्यायाम आहे' या वाक्यात 'पोहणे' कर्ता आहे. 'स्विमिंग इज गुड एक्सरसाइज' यात 'स्विमिंग' कर्ता आहे. 'शी एन्जॉइज रीडिंग' यात 'रीडिंग' कर्म झाले. 'हिज हॉबी इज पेंटिंग' यात 'पेंटिंग' हे विधानपूरक झाले. 'शी इज गुड ॲट कुकिंग' यात ते 'ॲट' या अव्ययाच्या मागोमाग आले. नामाच्या ज्या ज्या जागा वाक्यात असतात, त्या सर्व जागी हे रूप बसते.

तथापि हे नाम आपले मूळचे क्रियापदाचे घराणे विसरत नाही. 'रीडिंग नॉव्हेल्स' असे म्हटले तर 'नॉव्हेल्स' हे त्याचे कर्म होते, जसे आपण 'कादंबऱ्या वाचणे' म्हणतो. उलट 'द रीडिंग ऑफ नॉव्हेल्स' असे म्हटले की ते पुरते नाम होऊन बसते, जसे आपले 'कादंबऱ्यांचे वाचन'. 'त्याचे उशिरा येणे मला खपत नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा 'येणे' या नामामुळे 'त्याचे' ही षष्ठी येते आणि त्यातल्या क्रियेमुळे 'उशिरा' हे क्रियाविशेषण येते. इंग्रजीतील 'हिज कमिंग लेट' याची रचना हीच. येथे 'हिज' हवे, 'हिम' चालणार नाही, असा आग्रह फाउलर या कोशकाराने १९२६ सालच्या आपल्या ग्रंथात मोठ्या हिरिरीने धरला होता. आज 'हिम' ही चालते. पण 'हिज' का येते हे मराठी मुलाला निराळे समजावून द्यावे लागत नाही. त्याच्या तोंडात 'त्याचे येणे' आधीच बसलेले असते.

आता अडचण कोठे येते ते पाहू. इंग्रजीतील प्रत्येक 'इंग' नाम नसते. 'अ स्विमिंग बॉय' म्हणजे पोहणारा मुलगा. 'अ स्विमिंग पूल' म्हणजे पोहण्याचा तलाव. 'ही इज स्विमिंग' म्हणजे तो पोहत आहे. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच रूप. मराठीत मात्र 'पोहणारा', 'पोहण्याचा' आणि 'पोहत' अशी तीन वेगळी रूपे. 'वॉकिंग स्टिक' म्हणजे चालणारी काठी असे कोणी म्हटले तर चौथीतले पोरही हसेल. ते हसते याचाच अर्थ असा की, त्याला भेद कळला. नाव ठाऊक नसेल, पण वस्तू ठाऊक आहे.

या घोटाळ्यामागे इतिहास आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियेच्या नामासाठी 'उंग' किंवा 'इंग' हा प्रत्यय होता आणि विशेषणासाठी 'एंडे' हा वेगळा प्रत्यय होता. जर्मन भाषेत तशी जोडी अद्यापि नांदते. इंग्रजीत मात्र मध्ययुगात 'एंडे' मागे पडून दोन्ही जागी 'इंग' आले. २००२ साली हडलस्टन आणि पुलम यांच्या केंब्रिजच्या बृहद्‌व्याकरणाने तर इंग्रजीपुरता हा भेद सोडून दोन्ही रूपांना एकच नाव दिले. इंग्रजांना ते सोयीचे असेल. आपल्या मुलांना मात्र जुना भेद फार उपयोगी आहे, कारण मराठीने तो अजून जपून ठेवला आहे. आमच्या भागातील मुलांना तर कन्नडचीही साथ मिळते. 'ईजुवुदु' म्हणजे पोहणे आणि 'ईजुवुदरिंद' म्हणजे पोहण्याने.

यावरून घरातल्या घरात वापरता येईल असा एक आडाखा सांगतो. मराठीत 'णे'चे 'ण्या' होऊन त्यापुढे विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय आले की, इंग्रजीत बहुधा अव्यय आणि त्यापुढे 'इंग'चे रूप येते. 'जाण्यापूर्वी' म्हणजे 'बिफोर गोइंग'. 'पोहण्यात पटाईत' म्हणजे 'गुड ॲट स्विमिंग'. 'लवकर उठण्याची सवय आहे' म्हणजे 'युज्ड टु गेटिंग अप अर्ली'. येथला 'टु' हा अव्यय आहे, म्हणून त्यापुढे 'गेटिंग' हे नाम आले. 'पूर्वी लवकर उठत असे' म्हणावयाचे झाल्यास मात्र 'युज्ड टु गेट अप अर्ली'. पत्राच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू' असे लिहिणारे पुष्कळ सुशिक्षित आम्ही पाहिले आहेत. 'भेटण्याची वाट पाहत आहे' हे मराठी वाक्य मनात घोळवले असते, तर हातून 'टु मीटिंग यू' हेच उतरले असते.

या आडाख्याला एक मोठा अपवाद आहे. 'ण्यासाठी' किंवा 'यला' हे हेतू दाखवीत असतील, तर इंग्रजीत 'टु' आणि मूळ क्रियापद येते. 'तो शिकण्यासाठी आला' म्हणजे 'ही केम टु लर्न'; 'फॉर लर्निंग' नव्हे. शिवाय काही ठिकाणी मराठीची मदत अगदीच तुटते. 'जाण्याचे ठरवले' आणि 'जाण्याचे टाळले' या दोन्हींत आपले रूप एकच आहे. इंग्रजीत 'डिसायडेड टु गो' आणि 'अव्हॉइडेड गोइंग' अशी ताटातूट होते. 'एन्जॉय', 'अव्हॉइड', 'फिनिश', 'माइंड' यांच्यापुढे 'इंग', आणि 'वाँट', 'होप', 'डिसाइड' यांच्यापुढे 'टु', हे पाढ्यासारखे पाठच केले पाहिजे.

आता त्या वहीतले वाक्य. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलीला बोलावून घेतले. आठवीतली चुणचुणीत पोर. आम्ही तिला इंग्रजी काहीच विचारले नाही. एवढेच म्हणालो, "बाळ, 'आजोबा बोलायचे थांबले' आणि 'आजोबा बोलायला थांबले' यांत फरक काय ते सांग बघू."

ती लगेच म्हणाली, "बोलायचे थांबले म्हणजे आता ते बोलत नाहीत. बोलायला थांबले म्हणजे चालले होते आणि बोलण्यासाठी थांबले."

"मग पहिल्यात काय थांबले?"

"बोलणं."

"आणि दुसऱ्यात?"

"चालणं थांबलं. बोलणं सुरू झालं."

आम्ही वही तिच्यापुढे सरकवली. क्षणभर ती आपल्याच वाक्याकडे पाहत राहिली. मग स्वतःशीच पुटपुटली, "म्हणजे मी उलटंच लिहिलंय की!" 'काय थांबले?' याचे उत्तर नाम असते, तेथे 'टॉकिंग'. 'कशासाठी थांबले?' याचे उत्तर हेतू असतो, तेथे 'टु टॉक'. हा नियम तिला आम्ही सांगितला नाही. तिनेच आम्हांला सांगितला, आणि तोही मराठीत.

सायंकाळी तिचे वडील न्यावयास आले तेव्हा त्यांना आम्ही जे सांगितले, तेच येथे लिहितो. घरात इंग्रजी पुस्तके आणावीत, मुलांनी इंग्रजी भरपूर वाचावे, बोलावे, चुकावे. त्याला आमचा विरोध नाही. परंतु मराठी बंद केल्याने इंग्रजी येते, ही समजूत आम्हांस पटत नाही. ज्या मुलीला 'बोलायचे' आणि 'बोलायला' यांतील सूक्ष्म भेद आईच्या मांडीवर कळला, तिच्या हाती परक्या भाषेच्या कुलपाची किल्ली आधीच आली आहे. संध्याकाळभर घरात तोडकेमोडके इंग्रजी बोलून ती किल्ली गंजवण्यात काय हशील? आम्ही सीमाभागातले लोक तीन भाषांत वावरतो. एक भाषा शिकताना दुसरीचे दार लावून घ्यावे लागते, असा अनुभव आम्हांला तरी कधी आला नाही.

"आणि आजोबांचं काय, गुरुजी?" मुलीने मध्येच विचारले. वडील काहीच बोलले नाहीत. वहीची पाने उगाच चाळत राहिले.

आठवड्याने ते दुकानाबाहेर भेटले. संध्याकाळचा नियम मोडला आहे म्हणाले. इंग्रजीसाठी रोज अर्धा तास मोठ्याने वाचन ठेवले आहे. बाकी वेळ घर पुन्हा मराठीत. "बाबा आता बाहेर येऊन बसतात," ते म्हणाले, "काल तर देवळात निघाले होते, पोरगीशी बोलायला थांबले आणि देवळाचं राहूनच गेलं."

या वाक्याचे इंग्रजी मात्र मुलीने पहिल्यांदा लिहिले होते तसेच होईल : 'ही स्टॉप्ड टु टॉक.' तांबडी रेघ आता तेथे लागणार नाही.