लॅपटॉपच्या आकड्यांना प्रश्न विचारा



दहावी-बारावीचे निकाल लागले, की अनेक घरांत एका मोठ्या खरेदीची चर्चा सुरू होते. पुढील शिक्षणासाठी मुलाला किंवा मुलीला लॅपटॉप घ्यावयाचा असतो. घरची मंडळी पैशांची जुळवाजुळव करतात, दुकानात जातात आणि दुकानदार त्यांच्यापुढे एक माहितीपत्रक ठेवतो. त्यावर आकड्यांची रांगच असते : ८ जीबी, ५१२ जीबी, ४.४ गिगाहर्ट्झ, १५.६ इंच, ५० वॉट-तास. मोठी माणसे मग मुलांकडे पाहतात, कारण 'आजच्या मुलांना यातले कळते' असा त्यांचा समज असतो. मुलेही बहुधा एकच कसोटी लावतात. ज्याचा आकडा मोठा, तो लॅपटॉप चांगला!

ही कसोटी मला चुकीची वाटते. घरातील काही महिन्यांची बचत ज्या वस्तूवर खर्च व्हावयाची, ती अशी निवडू नये. आणि हे माहितीपत्रक वाचण्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याचीही गरज नाही. शाळेत शिकलेली एकके आणि साधे त्रैराशिक एवढे भांडवल पुरेसे आहे. प्रयोगवहीत 'लांबी = ५' असे लिहिले, तर शिक्षक लगेच विचारतात, "५ काय? सेंटिमीटर की मीटर?" तसेच या आकड्यांनाही तीन प्रश्न विचारावेत. हा आकडा काय मोजतो? कोणत्या परिस्थितीत मोजला आहे? आणि माझ्या कामाशी त्याचा संबंध काय?

गिगाहर्ट्झची शर्यत

प्रथम गिगाहर्ट्झ घेऊ. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला एक आवर्तन, हे तुम्ही ध्वनीच्या पाठात शिकला आहात. प्रोसेसर, म्हणजे संगणकातील आकडेमोड करणारा भाग, एका ठोक्याच्या तालावर काम करतो. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. दोन ठोक्यांमधील वेळ इतका अल्प, की तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम १० सेंटिमीटर जातो. आकडा खरोखरच थक्क करणारा आहे. परंतु ठोके किती पडले यावरून काम किती झाले हे ठरत नाही. दोन मजूर सारख्याच झपाट्याने फेऱ्या मारत असले, तरी एकजण दर फेरीला दोन विटा नेत असेल आणि दुसरा सहा, तर भिंत कोणाची आधी उभी राहील?

संगणकाच्या इतिहासात हे प्रत्यक्ष घडले आहे. इंटेल कंपनीचा पेंटियम ४ हा प्रोसेसर २००४ साली ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. पुढचा टप्पा ४ गिगाहर्ट्झचा होता. पण ठोके वाढवावेत तसतशी उष्णता वाढत चालली आणि त्याच वर्षी कंपनीने तो बेत सोडून दिला. २००६ साली तिने कोअर २ ड्युओ हा प्रोसेसर आणला. त्याचे ठोके ३ गिगाहर्ट्झच्याही आत होते, तरी तो जुन्यापेक्षा अधिक काम करत असे, कारण दर ठोक्याला होणारे काम वाढले होते.

परिस्थितीचा प्रश्नही येथे महत्त्वाचा आहे. पत्रकावर छापलेला ४.४ गिगाहर्ट्झ हा बहुधा कमाल वेग असतो. सडपातळ लॅपटॉपमधून उष्णता लवकर बाहेर पडत नाही. यंत्र तापू लागले, की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. शंभर मीटर धावण्याच्या वेगाने कोणी दहा किलोमीटर धावू शकत नाही, तसेच हे आहे.

सर्वांत मंद भाग शोधा

दुसरी गोष्ट अशी, की संगणकात प्रोसेसर एकटा काम करत नाही. तुम्ही अभ्यासाला बसता तेव्हा लागणारी पुस्तके टेबलावर असतात व बाकीची कपाटात. संगणकाची रॅम म्हणजे हे टेबल आणि साठवणीची तबकडी म्हणजे कपाट. टेबल लहान असेल, तर दर थोड्या वेळाने उठून कपाटाकडे जावे लागते आणि अभ्यासापेक्षा येरझाऱ्याच अधिक होतात.

या येरझाऱ्या किती महाग पडतात, याचा हिशेब करू. जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली माहिती वाचकाच्या टोकाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे दीड कोटीहून अधिक ठोके पडून जातात! एसएसडी या नव्या साठवणीत फिरणारी तबकडीच नसते, त्यामुळे हा वेळ कित्येक पटींनी कमी होतो.

आता समजा, एखादे काम १०० सेकंद चालते. त्यातील ८० सेकंद साठवणीची वाट पाहण्यात जातात व २० सेकंद प्रोसेसरच्या कामात. दुप्पट वेगाचा प्रोसेसर घेतला तर २० चे १० होतील, पण एकूण वेळ ९० सेकंदच राहील. त्याऐवजी वाट पाहण्याचा वेळ ८० वरून १० वर आणला, तर तेच काम जुन्याच प्रोसेसरवर ३० सेकंदांत होईल. जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली मांडलेल्या विचाराचे सार हेच आहे. एखादा भाग कितीही वेगवान केला, तरी होणारा फायदा एकूण कामात त्या भागाचा वाटा किती यावरच अवलंबून असतो.

म्हणून माझे मत असे, की विद्यार्थ्याने मध्यम प्रतीचा प्रोसेसर पत्करावा, पण रॅममध्ये काटकसर करू नये आणि साठवण एसएसडीच असावी. निबंध, गणिताचे तक्ते, प्रोग्रॅम लिहिण्याचा सराव यांना ८ जीबी रॅम चालते. ऐपत असेल तर १६ जीबी घ्यावी. येथे एक गोष्ट आवर्जून विचारा : रॅम पुढे वाढवता येते का? अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये ती मुख्य पट्टीवर डाख देऊन पक्की बसवलेली असते. जे नंतर वाढवता येत नाही, त्यावर आधी खर्च करावा.

साठवण, बॅटरी आणि पडदा

५१२ जीबीची साठवण घेतली आणि विंडोजमध्ये ती सुमारे ४७६ जीबीच दिसली, म्हणून पुष्कळांना फसवणूक झाल्यासारखे वाटते. हा घोळ एककांचा आहे. तबकडी बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र २ चा ३० वा घात, म्हणजे १०७ कोटी ३७ लाखांहून थोडे अधिक बाइट, म्हणजे एक जीबी समजते. भागाकार करून पाहा, ४७६ हेच उत्तर येईल.

एवढी साठवण लागते तरी किती? युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट जागा घेते. पानावर २,००० चिन्हे धरली, तर २०० पानांचे मराठी पुस्तक सुमारे १२ लाख बाइटांत मावते. त्या हिशेबाने ५१२ जीबीमध्ये चार लाखांवर पुस्तके बसतील. जागा भरते ती चित्रफितींनी आणि खेळांनी. तेव्हा 'मला १ टीबी हवे' असे म्हणण्यापूर्वी त्यात काय ठेवणार, याचे उत्तर स्वतःलाच द्या.

बॅटरीच्या बाबतीत तर जाहिरातीची परीक्षा घरबसल्या घेता येते. ५० वॉट-तासांची बॅटरी १० तास चालते असे छापले असेल, तर ५० ला १० ने भागा. यंत्र सरासरी ५ वॉटच खर्च करील, असे गृहीत धरलेले आहे. पडद्याचा उजेड मंद ठेवून हलके काम केले तर हे जमेलही. पण जड कामात खर्च २० वॉटवर गेला, की तीच बॅटरी अडीच तासांत संपेल. ज्या गावात वीज वारंवार जाते, तेथील विद्यार्थ्याने गिगाहर्ट्झच्या आधी हा भागाकार करावा.

पडद्याचे इंच हे कर्णाचे माप असते, क्षेत्रफळाचे नव्हे. १४ इंची पडदा १६:९ प्रमाणाचा असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८४ चौरस इंच भरते व १६:१० प्रमाणाचा असेल तर ८८. पायथागोरसचा सिद्धान्त वापरून हे ताडून पाहा. दुसऱ्या पडद्याची उंचीही जास्त असल्याने वाचताना अधिक ओळी दिसतात. कळफलकाला तर आकडाच नसतो! म्हणून तो पत्रकात कोपऱ्यात राहतो. पण चार-पाच वर्षे तुमची बोटे त्यावरच चालणार आहेत. दुकानात उभे राहून दोन परिच्छेद टंकलिखित करून पाहा, त्यात मुळीच संकोच नको.

नवे आकडे, जुनीच युक्ती

गिगाहर्ट्झची जादू ओसरली, की दुसरा आकडा पुढे येतो. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामांसाठी लॅपटॉपचा एक नवा वर्ग जाहीर केला. त्यासाठी सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया करू शकणारा खास भाग ही एक अट आहे. पत्रकात हे '४० टॉप्स' असे छापतात. पण या क्रिया सामान्यतः लहान, ८ बिटांच्या संख्यांवरील असतात, आणि तो भाग वापरणारे प्रोग्रॅम तुमच्याकडे असतील तेव्हाच त्याचा उपयोग. महाजालावरून वापरली जाणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची पुष्कळशी साधने आपली आकडेमोड दूरच्या संगणकांवर करतात. तेथे तुमच्या लॅपटॉपमधील हा भाग निवांत बसून राहतो.

कोणी म्हणेल, "आज लागत नसेल, पण पुढे लागेल. मग आधीच मोठे यंत्र का घेऊ नये?" हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. अभियांत्रिकीचे आराखडे, चित्रफितींचे संपादन असे काम ज्यांना नक्की करावयाचे आहे, त्यांनी वेगळा आलेख-प्रोसेसर असलेले भारी यंत्र घ्यावे. परंतु अनिश्चित भविष्यासाठी आज जादा पैसे मोजण्यापेक्षा यंत्र दुरुस्त होऊन टिकेल हे पाहणे शहाणपणाचे. बॅटरी बदलता येते का? सुटे भाग मिळतात का? जवळपास दुरुस्ती होते का? फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे १० पैकी गुण छापणे बंधनकारक झाले. आपल्याकडील पत्रकातही हा आकडा असावा, असे मला वाटते. यंत्र घडवतानाच पुष्कळ ऊर्जा, पाणी आणि खनिजे खर्च झालेली असतात. ते तीनऐवजी सहा वर्षे चालले, तर घरचा पैसा वाचतो आणि कचराही निम्म्यावर येतो.

वापरलेला लॅपटॉप घेण्यातही कमीपणा मानू नका. मात्र एक पाहा : विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ सर्वच जुन्या यंत्रांवर चालत नाही. अशा यंत्रावर लिनक्स ही मुक्त प्रणाली उत्तम चालू शकते.

थोडे मागे वळून पाहा. १९८१ साली ऑस्बर्न १ हा उचलून नेता येणारा संगणक बाजारात आला. वजन सुमारे ११ किलो, पडदा ५ इंचांचा आणि स्मृती ६४ केबी. आजच्या ८ जीबीत ती १,३१,०७२ वेळा मावेल. तरीही लोकांनी त्यावर लेखन केले, हिशेब मांडले, व्यवसाय चालवले. तुमच्या वर्गातील सर्वांत स्वस्त लॅपटॉपही त्याहून कितीतरी समर्थ आहे. मित्राचा आकडा आपल्यापेक्षा मोठा आहे म्हणून वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. एककांचा धडा शिकवताना लॅपटॉपच्या दोन जाहिराती वर्गात आणाव्यात. फळ्यावर चार रकाने आखावेत : आकडा, एकक, परिस्थिती, आपली गरज. मुलांनीच ते भरावेत. शेवटचा रकाना प्रत्येकाचा निराळा येईल आणि खरी चर्चा तेथेच सुरू होईल.

आणि मित्रहो, तुम्ही दुकानात जाल तेव्हा आधी घरी एका कागदावर आपली कामे लिहून न्या. ती यादी डाव्या हातात आणि दुकानदाराचे पत्रक उजव्या हातात धरा. पत्रकातील ज्या आकड्याला यादीत जोड सापडत नाही, त्याचे पैसे आपल्या वडीलधाऱ्यांना मोजू देऊ नका.