डागडुजी

मराठी शिकवण्यात वीस वर्षे घालवली की माणसाला एक खोड जडते. ठेच लागली तरी तो आधी शब्दाचा विचार करतो आणि मग अंगठ्याचा. श्रावणातली गोष्ट. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी चार दिवस आल्या नाहीत, म्हणून मी आणि सौभाग्यवती त्यांच्या घरी निघालो होतो. वस्तीच्या तोंडाशीच माझा पाय खड्ड्यात गेला, आणि कळ जिरायच्या आत मनात आले, मोडलेले नीट करण्याला आपल्याकडे शब्द तरी किती! देवळाचे केले तर जीर्णोद्धार, घराचे केले तर दुरुस्ती आणि रस्त्याचे केले तर डागडुजी. पहिल्यात पुण्य आहे, दुसऱ्यात शहाणपण आहे, तिसऱ्यात नुसती कटकट! अहिल्याबाई होळकरांनी घाट, विहिरी, देवळे सावरली. त्यांचे नाव आजही काशीपासून रामेश्वरापर्यंत आदराने घेतले जाते. पण खड्डा बुजवणाऱ्याचे नाव कोनशिलेवर कोरलेले तुम्ही कधी पाहिले आहे काय?

सारी मेख इथेच आहे, वाचकहो. नव्या रस्त्याला नारळ असतो, फीत असते, छायाचित्र असते. दुरुस्तीला असते फक्त धूळ. जमाखर्चातही तोच भेद. नवा रस्ता बसतो भांडवली खर्चाच्या पाटावर. नेहमीची डागडुजी बसते महसुली पंगतीत, पगार आणि वीजबिलांच्या शेजारी. पगार थांबवता येत नाही, दिवे विझवता येत नाहीत. मग हात आखडायचा तो कोणावर? जिला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणता येते तिच्यावर.

आणि तिजोरीची तऱ्हा काय? पूर्वी जकात नाक्यावर रोज रोकड जमत असे. राज्यातल्या इतर शहरांतून जकात टप्प्याटप्प्याने गेली आणि 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुंबईचीही गेली. त्या बदल्यात राज्य सरकार महापालिकांना भरपाई देते. पण हाताने मिळवणे वेगळे आणि मनिऑर्डरची वाट पाहणे वेगळे, हे कोकणातल्या कोणत्याही आजीला विचारा. हक्काची म्हणावी अशी मोठी मिळकत राहिली ती मुख्यतः घरपट्टीची आणि बांधकाम परवानग्यांची.

आता पंचांग पाहा. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, मग ते सर्वसाधारण सभेत जाते. नवे वर्ष सुरू होते 1 एप्रिलला. निविदा निघेपर्यंत वैशाख सरतो आणि मृग दारात उभा राहतो. डांबराचे आणि पाण्याचे हाडवैर. वरच्या थराला भेग पडली की पाणी खालच्या खडीत उतरते, वरून चाकांचा मारा सुरूच असतो, आणि आज दिसणाऱ्या भेगेचा पुढच्या आठवड्यात खड्डा होतो. भेग दिसताच बुजवली तर थोडक्यात भागते. पाया भिजला की सारेच उकरावे लागते.

माझे आजोबा दर वैशाखात घराची शाकारणी करून घेत. फुटके कौल तेवढे बदलायचे, सरकलेले बसवायचे. ‘यंदा राहू दे, पुढे नवे घरच बांधू’ असे ते कधी म्हणाल्याचे मला आठवत नाही.

आधी विचार करणारी माणसे सरकारदरबारी नसतात असेही नाही. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याची कथा प्रसिद्ध आहे. श्रीकांत शिरोळे स्थायी समितीचे अध्यक्ष असताना, 1970च्या दशकात, तो रेकॉन्डो या कंपनीकडून करवून घेतला, आणि 10 वर्षांची हमी लिहून घेतली. रस्ता त्यानंतरही कित्येक वर्षे टिकला. काम संपल्यावर जबाबदारी कोणाची, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरले होते.

मावशींच्या घरी पोचलो. मनगट प्लॅस्टरमध्ये. मुलाच्या स्कूटरवरून कामाला येताना त्याच खड्ड्यात पडल्या होत्या. पोळ्या लाटायचा हात, दीड महिना बंद. चार घरांची कामे गेली.

मला भयंकर संताप आला. घरी येऊन फोन उचलला. माझा एक जुना विद्यार्थी आमच्या भागात रस्त्यांचे काम पाहतो. मे महिन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी खड्डा पडला होता तेव्हाही त्यालाच फोन केला होता. तिसऱ्या दिवशी रोलर आला आणि खड्ड्याबरोबर सारी गल्ली गुळगुळीत झाली. सोसायटीने मला चक्क शाल दिली होती. ती मी गंभीर चेहऱ्याने स्वीकारलीही होती.

माझे व्याख्यान त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग चाचरत म्हणाला, “सर, रागावू नका. वस्तीचा रस्ता आमच्या यादीत तिसरा होता. तुमची गल्ली सत्ताविसावी. पावसाआधी माल थोडाच उरला होता, आणि तुमचा फोन आला...”

पुढे तो बोलला नाही. मलाही बोलवेना.

वशिला म्हणजे दुसऱ्याने लावलेला तो, अशी आपली व्याख्या असते. मी केला तो आपला साधा फोन! ज्या कामाला फीत नाही, ते फोनवर चालते; आणि ज्यांच्याकडे फोन करण्याजोगा विद्यार्थी नाही, त्यांचे मनगट मोडते. यावर माझे मागणे एवढेच. रस्त्यांची ती यादी क्रमांकांसह कार्यालयाच्या दारावर लावावी, आणि क्रमांक बदलला तर कारणही तिथेच लिहावे. तसा अर्ज मी दिला आहे. वस्तीच्या रस्त्यासाठीही दिला आहे, रीतसर, पोच घेऊन. या वेळी फोन केलेला नाही.

मावशी दसऱ्यापासून पुन्हा येऊ लागल्या आहेत. पहिल्याच दिवशी पोळपाट पुढे ओढत म्हणाल्या, “दादा, तुमच्या गल्लीत शिरलं की रिक्षा उडत नाही बघा. हाताला लई बरं वाटतं.”

शाल मी कपाटाच्या अगदी तळाशी ठेवून दिली आहे.