आकड्यांची नावे व्हावीत

सातारा-सांगलीकडच्या जुन्या गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीवर कधीकधी एक लहानसा संगमरवरी दगड दिसतो. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतकी मरण पावली, एवढाच त्यावरचा मजकूर. दोन आकडे. नाव एकाचेही नाही.

हा दगड मला नेहमी अस्वस्थ करतो. आपल्याकडे गेलेल्या माणसाला पाणी सोडतानाही त्याचे नाव घ्यावे लागते. आकड्याला पाणी कसे सोडायचे?

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले. गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला. मराठा पलटणींतली आपली माणसे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांशी लढली. कूतच्या वेढ्यात उपाशी राहिली आणि एप्रिल १९१६ मध्ये कैद झाली. पुढे बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे आली; हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीगणिक आकडेच आले. हा भेदभाव होता, अशी कबुली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये दिली आणि माफी मागितली. त्याला शंभर वर्षे लागली.

पण सगळा दोष इंग्रजांच्या पदरात टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. या माणसांना आपणही बाजूलाच ठेवले. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. सप्टेंबर १९४२ मध्ये इथे वडूज आणि इस्लामपूरच्या मोर्चांवर गोळीबार झाला. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. आणि त्याच वर्षांत याच मातीतले तरुण इंग्रजांच्या पलटणीतून परमुलखात लढत होते. स्वातंत्र्यानंतर आपण हुतात्म्यांची स्मारके उभारली, ते योग्यच झाले. पलटणीत गेलेला मात्र ‘पोटासाठी गेला’ म्हणून हिशेबातून वगळला. माण-खटावच्या कोरड्या रानात पोट ही काय हलकी गोष्ट होती?

आता इटलीतल्या मोंतोने या गावाने काय केले, ते पाहा. नाईक यशवंत घाडगे हे मूळचे आजच्या रायगड जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सारे जवान मेले वा जखमी झाले. घाडगे एकटेच जर्मन मशीनगनवर चालून गेले, ती बंद पाडली आणि तिथेच गोळ्या लागून पडले. वय अवघे २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समाधी मात्र कुठेच नाही. २०२३ च्या जुलैत मोंतोनेमध्ये त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ उभे राहिले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे वचन त्यावर कोरलेले आहे.

याच तिसऱ्या बटालियनने १९४१ मध्ये आफ्रिकेत केरेनच्या डोंगरावर इटालियन फौजेशीच झुंज दिली होती. एकेकाळच्या शत्रूने आपल्या माणसाचे नाव दगडावर कोरले आणि आपल्या गावातला दगड अजून आकडाच सांगतो आहे.

वैर मरणापाशी थांबते, ही गोष्ट आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची कबर आहे, ती सातारा जिल्ह्यातच. पण समेटाची घाई करू नये, हेही खरे. कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्यासारख्यांच्या घरी जाऊन ‘आता विसरा’ म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. समेट म्हणजे विसरणे नव्हेच. आधी नीट आठवायचे, नावानिशी आठवायचे. मग पलीकडच्या खंदकातही कुणाचा तरी मुलगा होता, हे आपोआप दिसू लागते. ज्याला आपलाच मृत आकडा वाटतो, त्याला शत्रूचा मृत माणूस कसा वाटणार?

म्हणून माझे साधे मागणे आहे. आयोगाच्या नोंदींत पुष्कळ शिपायांची नावे आणि गावे सापडतात. घरोघरच्या ट्रंकांत बिल्ले आहेत, पेन्शनची कागदपत्रे आहेत. शाळेतल्या मुलांना ती हुडकायला लावावीत. आजीला विचारावे, वंशावळीत पाहावे. जुना दगड काढू नये. त्याच्या शेजारी दुसरा बसवावा आणि त्यावर सापडतील तेवढी नावे लिहावीत. १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर हुतात्म्यांच्या नावांबरोबर तीही मोठ्याने वाचावीत. इंग्रजांची चाकरी केली म्हणून त्यांचा गौरव करा, असे मी म्हणत नाही. ती आपल्या गावची माणसे होती आणि परतली नाहीत, एवढे कारण पुरेसे आहे.