दोन दारांमधला माणूस

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दंडविधानातील ३७७ व्या कलमाची नांगी मोडली आणि दोन सज्ञान पुरुषांचे परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्याच्या यादीतून वगळले. त्या निकालाचे स्वागत झाले ते योग्यच झाले. परंतु न्यायालयाच्या एका निकालाने समाजाच्या मनातील तिरस्कार पुसला जात नाही, आणि त्या तिरस्काराच्या भयाने दडून बसलेले दुखणेही आपोआप बरे होत नाही. अशाच एका दुखण्याविषयी आज आम्हांला लिहावयाचे आहे. विषय अप्रिय आहे. सकाळच्या चहाबरोबर वाचण्याजोगा हा मजकूर नव्हे, असे काही वाचकांना वाटेल. पण ज्यांच्याविषयी लिहावयाचे आहे ते तरुण आपल्याच घरांतील आहेत, आपल्याच कचेऱ्यांत काम करतात, आणि त्यांतील काहींच्या जिवावर बेतले आहे.

या दुखण्याचे नाव ‘केमसेक्स’. हा शब्द लंडनमध्ये रूढ झाला. मेफेड्रोन, क्रिस्टल मेथ आणि जीएचबी किंवा जीबीएल या मादक द्रव्यांच्या अमलाखाली समलिंगी पुरुषांनी शरीरसंबंधासाठी एकत्र येणे, असा त्याचा अर्थ. पहिली दोन द्रव्ये भूक आणि झोप मारतात. दोन-दोन दिवस अन्नपाण्याची शुद्ध राहत नाही. एचआयव्हीबाधिताची रोजची गोळी चुकते. सुई वापरणारा दुसऱ्याची सुई वापरून जातो. तिसरे द्रव्य मोजण्याचे माप मिलिलिटरचे आहे. त्यात थोडी चूक झाली, किंवा त्यावर दारू घेतली गेली, तर माणूस बेशुद्ध होतो आणि त्याचा श्वास थांबू शकतो. ‘झोपला आहे, उठेल’ म्हणून सोबती वाट पाहतात आणि तो उठत नाही.

शहाणीसुरती माणसे या वाटेला का जातात? चैन हे एक कारण आहेच. परंतु जन्मभर स्वतःविषयी लाज बाळगण्याची सवय लावलेल्या माणसाला चार तास ती लाज विसरता यावी, हे त्याहून मोठे कारण आहे. एकाकीपणा आणि रोगाचे भय त्यात भर घालतात. ज्याला कारण ठाऊक नाही त्याला औषधही सापडावयाचे नाही.

लंडनने हा धडा अनुभवातून घेतला. लॅम्बेथ, सदर्क आणि लुईशॅम या तीन विभागांतील तीस पुरुषांच्या सविस्तर मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या व्यसनमुक्ती केंद्रांत दारू आणि हेरॉइनची माहिती असते. परंतु आपल्या आयुष्याची तेथे कोणाला कल्पना नसते, ही तक्रार त्यातून पुढे आली. पुढच्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने या प्रश्नाकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहण्याचा आग्रह धरला. सोहोतील ‘५६ डीन स्ट्रीट’ या सरकारी दवाखान्यात गुप्तरोगांची तपासणी आणि नशेविषयीचा सल्ला एकाच छपराखाली मिळू लागला. ‘लंडन फ्रेंड’ या जुन्या संस्थेने ‘अँटिडोट’ नावाची खास सेवा चालविली. तेथे येणाऱ्याला पहिल्याच दिवशी ‘सोडून दे’ असे कोणी बजावत नाही. सुई वाटून घेऊ नकोस, दारूबरोबर जीएचबी घेऊ नकोस, एकटा राहू नकोस, इथपासून बोलणे सुरू होते. ज्याला सोडावयाचे असेल त्याला सोडण्यास मदत मिळते.

त्याच शहराने तिरस्काराची किंमतही मोजली आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये पूर्व लंडनमधील बार्किंग येथे एका खुन्याने चार तरुणांना जीएचबी देऊन ठार केले. मृतदेह एकमेकांच्या जवळपास सापडत असतानाही पोलिसांना या मृत्यूंमागचा एकच हात दिसला नाही. पोलिसांच्या चुका पुढील मृत्यूंना बहुधा कारणीभूत ठरल्या, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनी २०२१ साली काढला. ‘अशा लोकांचे असेच व्हावयाचे’ ही वृत्ती खुन्याच्या कशी पथ्यावर पडते, याचा हा वस्तुपाठच होय.

‘हे विलायतेचे खूळ, आम्हांला त्याचे काय?’ असे कोणी विचारील. त्यांना आम्ही कुरकुंभची आठवण देतो. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी तेथील औद्योगिक वसाहतीतून शेकडो किलो मेफेड्रोन जप्त केले. मुंबईत ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ म्हणून विकली जाणारी पूड ती हीच. २०१५ साली तिचा समावेश अमली पदार्थांच्या कायद्यात झाला, तरी ती शहरातून नाहीशी झाली नाही. माल येथलाच, फोनवरून गाठी घालून देणारी साधने येथलीच, आणि लाजही येथलीच. फक्त उपचार तेवढा लंडनचा!

मुंबईच्या एखाद्या तरुणाने मदत मागावयाची ठरविली, तर त्याच्यापुढे दोन दारे असतात. शासकीय रुग्णालयातील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये गुप्तरोगांवर उपचार होतात, नशेसाठी मानसोपचार विभागाकडे बोट दाखविले जाते. तेथे आपल्या नशेचा आपल्या शय्येशी असलेला संबंध सांगण्यास त्याची जीभ रेटत नाही. अर्धा आजार एका खोलीत आणि अर्धा दुसऱ्या खोलीत! १९९४ पासून काम करणाऱ्या ‘हमसफर ट्रस्ट’सारख्या संस्था आहेत, पण एवढ्या अफाट शहराचा भार किती संस्थांनी उचलावा?

भयाचे मूळ मात्र कायद्यात आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या २७ व्या कलमाने सेवन हाही गुन्हा ठरविला. म्हणून बेशुद्ध मित्राच्या उशाशी बसलेला माणूस १०८ क्रमांक फिरविताना कचरतो. रुग्णवाहिकेच्या मागोमाग पोलिसांची गाडी येईल असे त्याला वाटते. परंतु त्याच कायद्यातील ६४-अ कलम सांगते की, स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊन ते पूर्ण करणाऱ्या व्यसनी माणसावर सेवनाचा खटला चालू नये. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याचे २२ वे कलम तर आणखी पुढे जाते. संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार केलेली उपाययोजना गुन्हा ठरत नाही, असे ते स्पष्ट म्हणते. याच धोरणाने सुया वाटण्याचे आणि हेरॉइनला पर्यायी औषध देण्याचे काम सरकारने स्वतः चालविले आहे. मेफेड्रोन आणि मेथ यांना असे पर्यायी औषध अजून नाही, म्हणून येथे समजूतदार सल्लागाराचे मोल अधिक. तात्पर्य, कायद्याने वाट ठेवली आहे. तिच्यावर दिवा लावण्याचे काम तेवढे कोणी केलेले नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा की, ही नशेला फूसच नव्हे काय? महाराष्ट्राला हा आक्षेप नवा नाही. १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा ‘स्वैराचाराला उत्तेजन’ हीच ओरड झाली. वाचकांच्या लैंगिक शंकांना ‘समाजस्वास्थ्य’ने उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ साली त्यांची बाजू मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आज कर्व्यांचे पुतळे उभारावे असे म्हणणारे पुष्कळ सापडतील. त्यांचे धैर्य दाखविणारे थोडे. दारूबंदीचा अनुभवही आपल्या गाठी आहे. १९४९ च्या कायद्याने दारू सुटली नाही, हातभट्ट्या मात्र फोफावल्या. भयाने व्यसन तळघरात जाते आणि तेथे ते अधिक विषारी होते.

विक्रेत्याची गय करा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बेशुद्ध माणसावर बळजोरी करणारा तर गुन्हेगारच. शुद्धीवर नसलेल्या माणसाची संमती ही संमती नव्हेच. आमचे मागणे रुग्णापुरते आहे. रुग्णवाहिका बोलावणाऱ्यावर आणि रुग्णावर सेवनाची कारवाई होणार नाही, असे परिपत्रक गृहखात्याने काढावे. मुंबईत आणि पुण्यात महापालिकांनी निदान एकेक संध्याकाळचा दवाखाना असा चालवावा, की जेथे तपासणी, नशेचा सल्ला आणि मनाचा उपचार एकाच ठिकाणी, नाव गुप्त राखून मिळेल. १०९७ या एड्सविषयक आणि १४४४६ या व्यसनमुक्तीच्या दूरध्वनीवर उत्तर देणाऱ्यांना या विषयाचे शिक्षण द्यावे, आणि ते उत्तर मराठीत, हेटाळणीचा सूर न लावता मिळावे.

सरकारने जे करावयाचे ते सरकार करो. पण एक गोष्ट कोणत्याही परिपत्रकावाचून होण्याजोगी आहे. रविवारी रात्री उशिरा घरी परतलेल्या, डोळे तारवटलेल्या मुलाला ‘कुठे तोंड काळे करून आलास?’ असे विचारण्याऐवजी ‘काही खाल्लेस का? डॉक्टरांकडे जाऊया का?’ असे आईबापांनी विचारावे. त्या एका प्रश्नाने एखादा जीव वाचेल. आणि त्या मुलाने होय म्हटले, तर त्याला घेऊन जावयाचे कोठे, याचे उत्तर शासनाने तयार ठेवावे.