नासाडी नशिबाची नव्हे, हाताळणीची

हापूसचा हंगाम आला की आमच्या व्यापारी बांधवांची धावपळ सुरू होते. देवगड-रत्नागिरीची आवक किती, पेटी कितीला गेली, याची चर्चा दिवसभर चालते. पेटीतली किती फळे नासली हा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही. फळांचा धंदा म्हटला की नासाडी आलीच, असे म्हणून आपण मोकळे होतो. आमच्या मते ही वृत्तीच धंद्याला मारक आहे.

साधा हिशेब करू. समजा, 40 रुपयांप्रमाणे 100 आंबे घेतले आणि 50 रुपयांनी विकले. दहा नासले तर भांडवल वजा जाता 500 रुपये उरतात. पाचच नासले तर 750 उरतात. गिऱ्हाइकाकडून एक पैसाही जास्त न घेता नफा दीडपट झाला! लुधियानाच्या 'सिफेट' या केंद्रीय संस्थेच्या 2015 च्या अहवालात फळे-भाज्यांची काढणीनंतरची हानी पिकानुसार 4.58 ते 15.88 टक्के दाखविली होती. त्यात पेरूची सर्वाधिक होती. बागवानाचा सारा नफा याच टक्क्यांत अडकलेला असतो.

तोडलेले फळ जिवंतच असते. ते श्वास घेते, उष्णता सोडते. उन्हात ढीग पडून राहिला की ते लवकर पिकते आणि सुकतेही. देठ उपटला तर चीक सालीवर ओघळून डाग पडतो व कुज देठाकडूनच सुरू होते. म्हणून तोड सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर करावी, देठ राखावा आणि माल लगेच सावलीत न्यावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'नूतन झेला' याच कामासाठी आहे. शीतगृहातही तारतम्य हवे. हापूस 13 अंशांहून फार थंड जागी ठेवला तर साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही.

हे सारे बागायतदाराने करावे, असे आमचे काही बांधव म्हणतील. पण आपण भाव देताना पेटीचा वरचा थर पाहतो. जपून तोडलेल्या आणि आपटलेल्या मालाला एकच दर मिळत असेल, तर जपण्याचे कष्ट कोण घेईल? मजुरी नगावर ठरली की मजूर घाई करणारच. जे व्यापारी बागा कराराने घेतात, त्यांनी तरी देठासह आलेल्या निर्दोष फळावर चार पैसे जास्त द्यावेत. ते पैसे नासाडीतून वसूल होतील.

नासाडीच्या भीतीने कच्चा माल उतरवून कार्बाइडने पिवळा करणे हा तर शुद्ध घात आहे. कार्बाइडला कायद्याने बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचा अंश असतो. असे फळ वरून पिवळे आणि आतून आंबट निघते. फसलेले गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही, आणि अशा कमाईत बरकत कसली? पेंढ्याची आढी आपल्याकडे पूर्वापार आहे. घाई असेल तर ठरावीक प्रमाणात इथिलीन वायू वापरण्यास 2016 पासून परवानगी आहे.

शीतगृहाचे भाडे लहान दुकानदाराला परवडत नाही, हे खरे. त्यासाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विजेविना चालणारा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, त्यांमध्ये सुमारे 7.5 सेंटिमीटर जागेत वाळू, वर गवताचे झाकण आणि रोज पाण्याचा शिडकावा, एवढीच त्याची रचना. कोकणच्या दमट हवेत त्याचा उपयोग कमी. सोलापूर, मराठवाड्यासारख्या कोरड्या भागात पेरू, लिंबू, बोर यांना मात्र तो चांगला. आमच्या गवंडी बांधवांनी तो बांधायला शिकावा. त्यांना नवे काम मिळेल आणि शेजारच्या बागवानाचा माल टिकेल.

येत्या हंगामात प्रत्येक दुकानदाराने उधारीच्या वहीशेजारी नासाडीची वही ठेवावी. रोज किती फळे फेकली, ती कोणाच्या मालातली आणि कशाने खराब झाली, एवढे लिहावे. महिनाभरात गळती कुठे आहे ते दिसेल. मग ती बंद करण्यासाठी कोणाच्या मदतीची वाट पाहावी लागणार नाही.