वेगाचा सराव वेगानेच व्हावा

आपल्या महानगरपालिकांच्या तलावांवर असा एक शिरस्ता पडून गेला आहे की, चाळिशीकडे झुकलेल्या एखाद्या स्पर्धकाने पन्नास मीटरांच्या शर्यतीसाठी वेग वाढवावयाचा आहे असे सांगितले, तर त्यास दीड-दोन हजार मीटर न थांबता पोहण्याचा हुकूम मिळतो, आणि तो कठड्याशी जरा विसावला तर तो आळस समजला जातो. दम वाढला की वेग आपोआप वाढेल, ही त्यामागील श्रद्धा प्रामाणिक असली तरी चुकीची आहे, आणि तिच्यापायी प्रौढ जलतरणपटूचे जितके नुकसान होते तितके वयामुळेही होत नसावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्याचा विरोध साधारणतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो व त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग एकदशांशाने वाढवावयाचा तर शक्ती सुमारे एकतृतीयांश अधिक लागते. ही शक्ती स्नायूंतील ज्या तात्कालिक साठ्यातून प्रामुख्याने येते, तो दहाएक सेकंदांत सरतो व पुन्हा भरून येण्यास काही मिनिटे घेतो. शिवाय ज्या शीघ्र स्नायुतंतूंवर सारी भिस्त, ते पूर्ण जोर लावल्यावाचून पुरते कामास लागत नाहीत, आणि वयोमानाने अधिक क्षीण होतात तेही तेच. तेव्हा अंग नीट तापवून घेऊन पंधरा किंवा पंचवीस मीटर सर्वस्व ओतून पोहावे, तीन-चार मिनिटे निःसंकोच विश्रांती घ्यावी, आणि घड्याळाने वेग मंदावल्याचे दाखविताच त्या दिवसाचा सराव आटोपता घ्यावा. जोडीस व्यायामशाळेत ताकदीचे काम हवेच, आणि डोके न उचलता देह सरळ राखण्याचा अभ्यासही हवा, कारण विरोध घटविणे हे शक्ती वाढविण्याहून स्वस्त पडते.

याचे उदाहरण पाहावे: ऑस्ट्रेलियाच्या जलतरणपटू कॅमरन मॅकएव्हॉयने टोकियो ऑलिंपिकमधील निराशेनंतर काही काळ पाण्यापासून दूर राहून, परतल्यावर आपल्या सरावाचे अंतर निर्धाराने छाटले व ताकदीच्या व्यायामास अग्रस्थान दिले. २०२३ साली तो फुकुओका येथे पन्नास मीटरांच्या शर्यतीत जगज्जेता झाला आणि २०२४ साली पॅरिसला, तिसाव्या वर्षी, २१.२५ सेकंदांत त्याने ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. वयाचे म्हणाल तर अँथनी अर्विनने रिओत तेच पदक पस्तिसाव्या वर्षी जिंकले होते, आणि डारा टोरेसचे सुवर्ण बीजिंगमध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी हुकले ते केवळ शतांश सेकंदाने. आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी तहसीलदारीची जबाबदारी पत्करल्यानंतरही पुन्हा पाण्यात उतरून २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, आणि अंतिम शर्यतीत त्यांचे कांस्यपदकही शतांश सेकंदानेच गेले. ती बातमी वाचताना झालेली हळहळ आजही ओसरलेली नाही.

जेथे शतांश सेकंदाने पदके ठरतात तेथे सूर मारण्याच्या सरावास केवढे मोल असावे! परंतु आमच्या पाऊण तासाच्या गजबजलेल्या बॅचमध्ये सूर मारण्यास बहुधा मज्जाव असतो आणि एका लेनमध्ये इतकी माणसे असतात की पूर्ण वेगाने पोहणे अशक्य व्हावे. अपघाताची धास्ती रास्त आहे, पण तिच्यावर सरसकट बंदी हा तोडगा नव्हे. त्याकरिता नवा तलाव बांधण्याचीही गरज नाही: आठवड्यातून दोन दिवस, जीवरक्षकाच्या देखरेखीखाली, खोल बाजूची एक लेन प्रौढ स्पर्धकांसाठी राखून ठेवावी, तेथे सूर मारण्याची व कठड्याशी विसावण्याची मुभा द्यावी, आणि तसा नियम पालिकेने लेखी मंजूर करून तलावाच्या दाराशी लावावा.